मिस्त्रींचा कान

"कवापासनं हुबी हाय ही? मुकी हाय काय ओ अण्णांची पोरगी?"

"न्हाय ओ. इंग्लिश मिडियमची हाय."

"व्हय व्हय. मग ठीक हाय."

प्रश्न आमच्या दुकानातल्या मिस्त्रींचा, उत्तर चहावाल्याचं, आणि ज्या पोरीबद्दल हे चाललं होतं ती मी, दोघांपासून तीन फुटांवर, हातात चहाचा कप धरून. चहावर साय धरली होती. मिस्त्री एका पांढऱ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणे शिरले होते, बाहेर नुसते दोन पाय. त्या पायांना मी तीन वेळा सांगितलं होतं, "मामा, चहा आलाय." पाय हलले नव्हते. शेवटी चहावाल्याने येऊन गाडीच्या टपावर थाप मारली, तेव्हा मिस्त्री सरकत बाहेर आले आणि मला बघून त्यांनी त्याला हे विचारलं. माझ्यादेखत, पण मी तिथे नसल्यासारखं.

दुकानातला माझा तो दुसरा दिवस. मी कप बॉनेटवर ठेवला आणि आत जाऊन बसले. तीन वेळा बोलूनही जिला मुकी ठरवतात तिने पुढे काय करायचं असतं, हे आमच्या शाळेत शिकवलं नव्हतं. शाळेत शिकवलं होतं ते हळू बोलायला. व्हरांड्यात आवाज चढला की सिस्टर नुसत्या बघायच्या, तेवढं पुरे असायचं. मी ते इतकं मनावर घेतलं की घरी जेवताना मीठ मागायचं तर दोनदा मागावं लागायचं. बोलताना ओढणीचं टोक तोंडावर जायचं, ती सवय कधी लागली ते आठवत नाही.

आणि बी. कॉम. झाल्यावर अशा मुलीला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणून बसवलं ते उद्यमनगरच्या रस्त्यावर. तुम्ही कोल्हापूरचे असाल तर सांगायला नको. तिथे शेजारच्याशी बोललेलं पलीकडच्या गॅरेजमध्ये ऐकू जातं आणि तिकडून उत्तरही येतं. अण्णा फोनवर हुबळीच्या माणसाशी बोलत तेव्हा, मधे फोन नसता तरी चाललं असतं, असं लोक म्हणत. आमचं दुकान गाड्यांच्या सजावटीचं: सीट कव्हर, मॅट, हॉर्न. पण खरं चालायचं ते टेपचं काम. त्या वर्षांत नव्या गाडीत कंपनीचा साधा टेप यायचा, आणि लोकांना हवा असायचा बाहेरचा, निळे दिवे लागणारा, सीडी घेणारा, ज्याच्या आवाजाने दाराची काच थरथरली पाहिजे असा. शोरूममधून निघालेली गाडी देवदर्शन करून थेट आमच्याकडे यायची. वॉरंटी कार्डं इंग्रजीत भरायची असत, म्हणून मी.

पण लोक येत ते मिस्त्रींसाठी.

मिस्त्री पन्नाशीचे, किडकिडीत. डाव्या मनगटात काळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं बांगडीसारखं घातलेलं. तोंडात नेहमी दोन-तीन स्क्रू, त्यामुळे बोलणं तोकडं. वायरीचं साल दाताने काढायचे. त्यांचा एकच नियम होता आणि तो ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, विचारो न विचारो.

"कंपनीची वायर कापायची न्हाय."

बाकीचे फिटर कंपनीच्या टेपच्या मागचा प्लास्टिकचा जोड, ज्याला ते कपलर म्हणत, कापून टाकायचे आणि वायरीला वायर पिळून मोकळे व्हायचे. पाच मिनिटांचं काम. मिस्त्री त्या जोडात बसेल असा दुसरा जोड घरी तयार करून आणायचे आणि मधे लावायचे. "गाडी उद्या इकायची झाली तर? नवा मालक म्हणंल, हे काय आतडं बाहीर काढून ठेवलंया." काढलेला कंपनीचा टेप ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचे, वर गाडीचा नंबर लिहायचे, बाजूचे स्क्रू काड्यापेटीत घालून पेटी दोऱ्याने बांधायचे आणि पोटमाळ्यावर ठेवायचे. गिऱ्हाइकं टेप न्यायला विसरत. मिस्त्री विसरत नसत. एकदा हातकणंगल्याचा एक बागायतदार सात वर्षांनी आला. गाडी विकायला काढलेली, आणि घेणारा म्हणे कंपनीचा टेप दाखवा. मिस्त्रींनी नंबर विचारला, शिडी लावली आणि खाली उतरून पुडकं त्याच्या हातात दिलं. काड्यापेटीत चारही स्क्रू.

"जपून ठेवलासा की ओ," तो म्हणाला.

"तुमचंच हाय न्हवं, पावणं. मी नुसता सांभाळाय बसलोय."

काम झालं की मिस्त्री गाणं लावायचे आणि उजव्या हाताचा तळवा दाराला आतून लावायचे. बाळाच्या छातीवर ठेवावा तसा. मग दुसऱ्या दाराला. मग मागच्या दोन्ही. डोळे मात्र गिऱ्हाइकाच्या तोंडावर. "कसं वाटतंया?" गिऱ्हाइकाच्या भुवया जरा जवळ आल्या की ते आत वाकून एखादं बटण पाव फेरा फिरवायचे आणि पुन्हा तोंड बघायचे. भुवया सुटल्या की "एक नंबर," म्हणायचे. सांगली-निपाणीचे लोक त्यासाठी यायचे. अण्णा अभिमानाने सांगायचे, "आमच्या मिस्त्रीसारखा कान अख्ख्या उद्यमनगरात न्हाय."

माझं आणि त्यांचं जमलं नाही. मी विचारलेल्याला ते उत्तर देत नसत. मला वाटायचं, बाईमाणसाचं ऐकायचं नाही असं असेल. किंवा माझी पुस्तकी मराठी त्यांना आवडत नसेल. पाठ फिरवलेली असली तर दोनदा हाक मारूनही बघत नसत. मी मनाशी धरलं की हा माणूस उद्धट आहे. वर्षभर धरलं.

मग पेठ वडगावच्या एक डॉक्टरीणबाई नवी गाडी घेऊन आल्या. सकाळी अकराची वेळ. अण्णा फोनवर, बाई आत सीट कव्हरची कापडं बघत होत्या. मिस्त्रींनी कंपनीचा टेप उतरवला, सीडीचा नवा सेट बसवला, गाणं लावलं आणि दारांना तळवा लावून झाला. "एक नंबर." मी वॉरंटी कार्डासाठी सेटवरचा नंबर उतरवून घ्यायला शेजारच्या सीटवर बसले.

आवाज विचित्र येत होता. मोठा होता, पण पोकळ. गाणारी बाई पाण्याच्या रिकाम्या टाकीत उभी राहून गातेय, असं वाटत होतं. ढोलकीचं तर नुसतं टोक ऐकू येत होतं, पोट गायब. असं कशाने होतं ते वर्षभर दुकानात बसून मला कळलं होतं: एका दाराच्या स्पीकरची प्लस-मायनस वायर उलटी लागली की दोन्ही दारं सारखीच थरथरतात, पण एक पुढे ढकलतं तेव्हा दुसरं मागे ओढतं, आणि आवाज मधल्या मधे मरतो. त्या मॉडेलला वायरींचे रंग बदललेले होते, मिस्त्रींनी जुन्या सवयीने जोडल्या. कान असलेल्या कोणालाही ते ऐकू आलं असतं. तळव्याला ते कळत नाही.

"मामा," मी म्हणाले, "हा आवाज बरोबर नाही वाटत."

ते पायाशी वाकून काहीतरी आवरत होते.

"मामा."

तेवढ्यात सीडीवरचं शेवटचं गाणं संपलं. गाडीत एकदम शांत झालं. मिस्त्रींचे दोन्ही हात स्क्रू गोळा करण्यात गुंतलेले होते. आणि त्यांची मान ठेक्यावर डोलत होती.

मी बघत राहिले. गाणं नव्हतंच. मान डोलत होती, त्याच लयीत, मधे एक सम आल्यासारखी जरा खाली गेली, पुन्हा सुरू झाली. इतकी भीती मला पूर्वी कधी कशाची वाटली असेल तर आठवत नाही. भर दिवसा, उघड्या गाडीत, बाहेर रिक्षांचा गोंगाट चालू असताना.

त्यांनी वर बघितलं. माझा चेहरा बघितला. मग सेटवरचा दिवा बघितला. तिथे आकडे फिरायचे थांबले होते.

त्यांनी तोंडातला स्क्रू काढून खिशात टाकला. मग आपल्या समजुतीने अगदी कुजबुजत, पण प्रत्यक्षात पलीकडच्या टायरवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अक्का, अण्णास्नी सांगू नगा."

टायरवाल्याने वर बघितलंही नाही. उद्यमनगरात ओरडून सांगितलेलं गुपित सुरक्षित असतं, हे मला तेव्हा कळलं. आणि हेही, की वर्षभर हा माणूस फक्त माझ्याशीच उद्धट का होता. बाकी सगळे ओरडत होते. ओरडताना तोंड मोठं उघडतं, ते त्यांना ओठांवरून कळायचं. मी एकटी अशी होते की हळूही बोलायची आणि ओठही झाकायची.

मी बोटाने डावं दार दाखवलं आणि दोन बोटं एकमेकांवरून फिरवली. त्यांना लगेच समजलं. दाराचं आवरण उघडून त्यांनी वायरी बदलल्या, गाणं लावलं आणि या वेळी गिऱ्हाइकाऐवजी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी मान हलवली. गाणारी बाई टाकीतून बाहेर आली होती.

त्या दुपारी डबा खाताना त्यांनी आपणहून सांगितलं. लग्नाआधी बारा वर्षं ते लाऊडस्पीकरवाल्याकडे होते. "मिरवणुकीत स्पीकरची भिंत असायची. दमलं की तिलाच पाठ लावून झोपायचो बगा. कानात शिट्टी वाजायची. मला वाटायचं, कान तयार हुयालाय." डावा आधी गेला, उजवा हळूहळू. आता उजव्यातही काही उरलं नव्हतं.

"अण्णा काही म्हणणार नाहीत, मामा."

"व्हट दिसूंद्यात अक्का. ओढणी काढा."

मी ओढणी खाली घेतली आणि पुन्हा बोलले.

"अण्णा न्हाय म्हणायचे. पर गावाचं काय? भैऱ्यानं बसवलेला टेप कोण घील? चेष्टा करून मारतील मला." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पोरगी मिरजंला नर्सिंगला हाय. ती पास होस्तवर कळू देऊ नगा. मग मी आपला घरी बसतो."

पुढची तीन वर्षं मी त्यांचा कान होते. ठरवून असं काही झालं नाही. ते गाणं लावायचे, मी कार्ड भरायच्या निमित्ताने बॉनेटपाशी उभी राहायची. पेन उजवीकडे झुकवलं की उजवा स्पीकर. पेन आडवं धरलं की ढोल कमी. पेन कानामागे खोचलं की सगळं ठीक. गिऱ्हाईक त्यांच्या तळव्याकडे बघत असे आणि ते माझ्या पेनाकडे. "एक नंबर," ते म्हणायचे, आणि लोक म्हणायचे, काय कान आहे. मला हसू आवरायचं नाही. पूर्वी मी तोंडावर ओढणी घेऊन हसले असते. आता तशी सोय नव्हती, कारण मधेच ते ओरडायचे, "व्हट!" गिऱ्हाइकांना वाटायचं, हा काहीतरी तांत्रिक शब्द असणार.

त्यांच्याशी बोलायचं तर तोंड पूर्ण उघडून, शब्द तोडून, समोर बघून बोलावं लागायचं. आवाज मोठा करायची गरज नव्हती. मी ओठांनीच बोलायची, बिनआवाजाची, आणि त्यांना सगळं समजायचं. चहावाला एकदा म्हणाला, "ह्या दोघांचं काय चालतंय ते देवाला ठाऊक. ती बोलत न्हाय, आन् हे ऐकत्यात."

आता मिस्त्री आमच्याकडे नाहीत. ते गेले ते माझ्यामुळे, आणि लेकीची शेवटची परीक्षा चार महिन्यांवर असताना. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्या संध्याकाळी हत्यारं पुसून पेटीत ठेवली, मनगटातलं चिकटपट्टीचं भेंडोळं काढून काउंटरवर ठेवलं, अण्णांना नमस्कार केला. अण्णा त्यांना म्हणाले, "अरे, मला एवढी वर्सं..." आणि थांबले, कारण पुढचं कोणत्या आवाजात म्हणायचं ते त्यांना समजेना. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री आले नाहीत. अण्णा दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. मिस्त्रींनी चहा पाजला, यायला नाही म्हणाले. इकडे ते म्हणाले होते तसंच झालं. आठवडाभर रस्त्यावर चेष्टा चालली. ज्यांच्या गाड्यांत त्यांनी सेट बसवले होते, आणि जे वर्षानुवर्षं खूश होते, त्यांतले दोघे-तिघे येऊन म्हणाले, तरीच आवाज जरा वेगळा वाटत होता. मी त्यांच्या गाड्यांत बसून ऐकलं. आवाज उत्तम होता. मी तसं सांगितलंही, पण त्यांनी पुन्हा विचारलं, "काय म्हणालासा?"

माळ्यावर अजून पुडकी आहेत. आता नव्या गाड्यांत सेट डॅशबोर्डमध्येच असा घडवलेला येतो की तो कोणी काढत नाही. पण जुन्या गाडीचा मालक अधूनमधून उगवतो, मी नंबर विचारते आणि शिडी लावते. अजून एकही काड्यापेटी रिकामी निघालेली नाही.

मिस्त्रींनी काम सोडलं, त्याच्या पुढच्या दिवाळीत एक मुलगी पेढे घेऊन दुकानात आली होती. पांढरा गणवेश, हातात पिशवी. मी बघताक्षणी ओळखलं, कारण बोलताना ती समोरच्याच्या तोंडाकडे बघत होती आणि प्रत्येक शब्दाला ओठ पूर्ण उघडत होती. ती पास होऊन नोकरीला लागली होती. मामा तिच्याकडेच असतात, म्हणाली. शेजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करतात. हात लावून.

जाताना ती घोटाळली.

"बाबांनी एक काम सांगिटलंय. म्हणाले, अक्कांचा आवाज कसा हाय, तेवढा ऐकून ये. त्यांनी कधी ऐकलाच न्हाई म्हणं."

मी पेढा हातात धरून उभी राहिले. मग काहीतरी बोलले, बहुतेक "जेवून जा" असं. तिने ते नीट ऐकून घेतलं, पत्ता लक्षात ठेवावा तसं.

पण ज्या दिवशी अख्ख्या रस्त्याने माझा आवाज ऐकला, त्या दिवसाबद्दल मी तिला बोलले नाही. तिला ते माहीत असणार. मी आजवर कोणाजवळच बोललेले नाही.

पन्हाळ्याकडचे एक गिऱ्हाईक जीप घेऊन आले होते. मोठी, उंच जीप. नवा सेट हवा होता आणि रिव्हर्सचा हॉर्न. तुम्हाला आठवत असेल तो. गाडी मागे घेतली की आपोआप एखादी चाल वाजायची, आणि मागची माणसं बाजूला व्हायची. मिस्त्रींनी सकाळीच तो बसवला, हात लावून बघितला, मी पेन कानामागे खोचलं. आरतीची चाल होती. दुपारी गिऱ्हाईक जीप न्यायला आले, बसले, चालू केली. मिस्त्रींच्या हातातून स्क्रूची डबी निसटून जीपच्या मागे रस्त्यावर सांडली होती आणि ते आमच्याकडे पाठ करून, उकिडवे बसून, एकेक स्क्रू वेचत होते.

जीप मागे येऊ लागली. आरती वाजू लागली. रस्त्यावरचं कोणीही घाबरलं नाही, कारण आरती वाजत होती.

आमच्या सगळ्या खुणा समोरासमोरच्या होत्या. पाठीला दिसेल अशी एकही खूण आम्ही ठरवली नव्हती. मी पायरीवर उभी होते, हातात पेन. मी "थांबा" म्हणाले. ते आरतीत बुडालं. पुन्हा म्हणाले. गिऱ्हाइकाने खिडकीतून कोपर बाहेर काढलं, माझ्याकडे बघितलं आणि हसून सांगितलं, "वाजतंय की हॉर्न. सरकतील मिस्त्री."

चहावाला किटली घेऊन पलीकडे उभा होता. "त्यास्नी काय सांगायलाईसा अक्का," तो म्हणाला, "अख्ख्या उद्यमनगरात तसला कान न्हाय."

मिस्त्रींनी एक स्क्रू उचलला, फुंकर मारली, तोंडात धरला आणि पुढच्यासाठी हात लांब केला. बंपर त्यांच्या पाठीपासून हातभर राहिला होता. आणि मी, जिला घरी मीठ दोनदा मागावं लागतं, जिने आयुष्यात असली मराठी तोंडातून काढली नव्हती, मी तोंड पूर्ण उघडलं आणि टायरवाल्यापासून चौकापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले:

"गाडी थांबवा की ओ, मामास्नी ऐकाय येत न्हाय!"